नववीचे मोजे

माझं वय 54. गेल्या मंगळवारी बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानदारानं मला विचारलं, "कितवीत हाय पोरगं?" आणि मी मान खाली घालून "नववीत" म्हणालो.

मला नववीतलं पोरगं नाही. एक मुलगी आहे, ती पुण्यात नोकरी करते. तरीही खोटं बोललो, कारण त्याआधी तीन दुकानांत खरं बोलून पाहिलं होतं.

साखर आहे, आठ वर्षं झाली. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी पाय तपासायला काढले. त्यांच्याकडे एका दांडीला लावलेला नायलॉनचा ताठ दोरा असतो, मासे धरायच्या गळाचा असतो तसा. तळव्यावर टेकवायचा, 10 ग्रॅम जोर पडला की तो वाकतो. "डोळे मिटा, लागलं की हो म्हणा," ते म्हणाले. शाळेत तोंडी परीक्षेला मी जे करायचो तेच केलं. थोडा वेळ गेला की अंदाजानं "हो". अंगठ्याच्या वेळी आत्मविश्वासानं हो म्हणालो, तर डॉक्टर म्हणाले, "अजून लावलाच नाही मी."

मग फर्मान सुटलं. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. अंघोळीचं पाणी पायानं नाही, कोपरानं बघायचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या (हे बेळगावात, जूनमध्ये! इथं आषाढ संपेपर्यंत माणसाच्या मनाच्या बेचक्यासुद्धा वाळत नाहीत). कोल्हापुरी बंद. हे मात्र जिव्हारी लागलं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार, आणि त्या चारांत आमचा बेळगाव. दोन राज्यांचं एवढ्या वर्षांत एकमत झालेली ती एकच वस्तू असावी, आणि ती मी घालायची नाही. त्याऐवजी एमसीआरची, म्हणजे खास मऊ रबराची चप्पल. पाय सुखी असतात, खरं लग्नाच्या मांडवात दारात काढून ठेवली की कुणीही चोरत नाही, यावरून तिची शोभा ओळखा. (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात. पुण्यातून मुलीचा फोन आला की ती हसते. हसू दे.)

आणि शेवटचं कलम मोज्यांचं. आत बोटांवर जाड शिवण नको, घासते. वरचं इलास्टिक आवळणारं नको, रक्त अडतं. ओले नकोत, रोज धुतलेले हवेत. आणि पांढरे. पांढरे का, तर ज्याला लागलेलं कळत नाही त्याला निदान रक्ताचा डाग तरी दिसावा.

पहिल्या औषधाच्या दुकानात मला व्हेरिकोज व्हेनचे मोजे काढून दिले. ते घट्ट, पाय आवळायलाच केलेले, म्हणजे मला हवं त्याच्या बरोबर उलटं. दुसऱ्यानं "मागवूया की" म्हणून नंबर घेतला, अजून मागवतोय. तिसऱ्याकडं खरोखर पाकीट होतं. बोर्ड कुठल्या भाषेत असावा यावरून या गावात 1956 पासून डोकी फुटली आहेत, खरं त्या पाकिटावरचं अक्षर न् अक्षर इंग्रजी होतं आणि त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. किंमत वाचली आणि माझीही भाषा गेली.

म्हणून खडेबाजार. शाळा नुकत्या उघडलेल्या, शनिवारच्या पीटीसाठी पांढरे मोजे ढिगानं आलेले. दुकान जुन्या पद्धतीचं, चपला खाली काढून गादीवर बसायचं. नोकर पोरगं एकीकडं मोज्यांवर किमतीची स्टिकरं चिकटवत होतं, दुसरीकडं शर्टांच्या घड्या मोडत होतं. मी एक मोजा उलटा करून आतली शिवण बोटानं चाचपायला लागलो.

"काय हुडकूलालाय पाव्हणं, आत?"

शेजारी एक मामा बसले होते. सत्तरी ओलांडलेली, धोतर, टोपी, मांडीवर कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईचा, पुडा. नातवाला मोजे घ्यायला आलेले. मी म्हणालो, शिवण बघतोय. "कशाला?" लागू नये म्हणून. "पोराला?" आणि तिथं माझं चुकलं. नाही, मला, साखर आहे, असं बोलून गेलो.

मामा एकदम खुलले. गावाकडचा माणूस भेटावा तसे. "किती?" मी आकडा सांगितला. त्यांनी तो हातानं झटकून टाकला. "ही काय साखर? माझी तीनशेच्या खाली आली की मला चक्कर येते." दुकानदार हसला. दोन बायका मोजे सोडून इकडं बघायला लागल्या. मग मामांनी सविस्तर सांगितलं: ते मोजे घालत नाहीत, शेतात चप्पल घालत नाहीत, कुंदा सोडलेला नाही, फक्त तो आता औषधासारखा खातात, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. डॉक्टर लोकांनी हे मोज्याचं खूळ आत्ता काढलंय. "आमचा पाय बघा," म्हणाले, आणि भर दुकानात धोतर सावरून पाय सरळ माझ्या मांडीशी आणला. "ह्याच्यात काटा गेला तरी कळत नाही मला. लोखंड हाय!"

मी बघितलं. अगदी नाकाखालीच होता. टाचेच्या कडेला, भेगांच्या मधोमध, चकचकीत बारीक डोकं. शर्टाच्या घडीतली टाचणी. अख्खी आत.

"मामा, टाचणी आहे."

"कुठं?"

त्यांनी चाचपली, नखानं उपसली, ट्यूबलाइटसमोर धरली आणि नोकर पोराला म्हणाले, "तुझी काय रे ही?" पोरानं घेऊन डबीत टाकली. टाचेवर रक्ताचा थेंब आला, तो धोतराच्या सोग्यानं पुसला. आणि मग विजयी मुद्रेनं साऱ्या दुकानाकडं वळून म्हणाले, "बघितलासा? एवढी गेली, खरं कळलं काय मला?"

बायका "जुनं हाड" म्हणाल्या. दुकानदारानं मान डोलावली. मी म्हणालो, मामा, कळलं नाही हाच तर आजार, आजच्या आज कुणाला तरी दाखवा, चिघळलं तर बोट जातं, पाय जातो. आवाज चढलाच होता थोडा. मामा थंडपणे म्हणाले, "तुम्ही मोजे घ्या की." सगळे हसले. मी, ज्याला शिवण टोचते का याची काळजी, तो नाजूक. आणि रक्त पुसत बसलेला माणूस पैलवान. ते चप्पल अडकवून गणपत गल्लीकडं गेलेसुद्धा. मला अजून राग आहे. त्यांचा की त्या हसणाऱ्यांचा, नक्की सांगता येत नाही.

तर त्यानंतर दुकानदारानं, त्याचं लक्ष तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेलेलं, मला नव्यानं विचारलं, "कितवीत हाय पोरगं?" नववीचे दोन जोड घेतले. वर वहीवर चिकटवायची चार लेबलं फुकट दिली: नाव, इयत्ता, तुकडी.

रात्री जेवण झाल्यावर बायकोला सारी हकीकत साभिनय सांगितली. मामांचा आवाज चांगला जमला. ती हसली, मग हातआरसा घेऊन म्हणाली, "आणा बघू तुमचा पाय." रोजचंच आहे ते. उजवा बघितला. डावा बघितला. मग बराच वेळ काही बोलली नाही.

"काय आहे?"

तिनं टाचेवरून नखानं काहीतरी सोललं आणि माझ्यासमोर धरलं. पांढरं स्टिकर. "60 रुपये," तिनं वाचलं. "दुपारपासून चिकटलंय?"