नोंद नसेल तर जागा कोरी सोडा!

वंशावळ लिहिताना जिथे नोंद नाही तिथे नाव लिहायचं नाही. एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात का शिरत नाही?

माझ्या खापरपणजीचे वडील कोण, याचा एकही कागद उरलेला नाही. लग्नाच्या नोंदीत तिचं नाव आहे, वडिलांच्या नावाचा रकाना कोरा. लिहिणाऱ्याने विचारलंच नाही की ऐकूनही लिहिलं नाही, आता कोण सांगणार? ठीक आहे. मी ते मान्य केलंय. पण इंटरनेटवरच्या एका फॅमिली ट्रीमध्ये कुणीतरी तिला बिनदिक्कत आईवडील चिकटवून टाकले! त्याच नावाची, त्याच सुमाराला जन्मलेली एक मुलगी कुठल्याशा नोंदवहीत सापडली आणि झालं, काम फत्ते. ती मुलगी तीन वर्षांची असतानाच वारली होती. तिच्या मृत्यूची नोंद त्याच वहीत, काही पानं पुढे, स्वच्छ अक्षरात आहे. ती पानं उलटायचे कष्ट घेतले नाहीत, आणि एका मेलेल्या लेकराचं लग्न लावून तिला पाच मुलं देऊन मोकळे झाले.

बरं, एकाने केलं तर केलं. मग दुसऱ्याने ते उचललं, तिसऱ्याने दुसऱ्याचं उचललं. आज ही खोटी जोडणी इतक्या ठिकाणी आहे की खरी माहिती सांगायला गेलं की मलाच ऐकावं लागतं, 'अहो, पण सगळीकडे तेच दिलंय ना!' सगळीकडे तेच आहे कारण सगळ्यांनी एकाचंच चोरलंय. पुराव्याच्या जागी काय, तर दुसऱ्या ट्रीचा दुवा. त्या ट्रीचा पुरावा काय, तर तिसरी ट्री. शेवटी कागद कुठेच नाही. डोक्यात तिडीक जाते.

कागद नाहीसे होण्याचं दुःख मला कळत नाही असं नाही. ३० जून १९२२ ला, आयर्लंडच्या यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीतला सरकारी दप्तरखाना स्फोटात उडाला आणि जळाला. १८२१ ते १८५१ च्या आयरिश जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत सहा कोटींहून जास्त माणसं मोजली होती. १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आग लागली, काही कागद जळले, बरेचसे पाण्याने भिजले, आणि उरलेसुरले पुढे सरकारनेच परवानगी देऊन नष्ट केले. आज त्यातली जेमतेम सहा हजार नावं शिल्लक आहेत. आग एक वेळ समजू शकतो. पण १८८१ आणि १८९१ च्या आयर्लंडच्या जनगणनेचे कागद पहिल्या महायुद्धात कागदटंचाईपायी लगद्यात घातले गेले! अख्ख्या देशाच्या दोन पिढ्यांची घरादाराची नोंद, आणि तिची किंमत रद्दीची. ज्याने कुणी तो हुकूम काढला त्याच्यावर माझा आजही राग आहे.

पण हे सगळं खरं असलं तरी त्यातून मनाने नावं रचायची मुभा कुणाला मिळते? त्याच डब्लिनच्या दप्तराचं काम अभ्यासकांनी कसं केलं बघा. ठिकठिकाणच्या संग्रहांतल्या नकला आणि उतारे शोधून शोधून, बरोबर शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, जमेल तेवढं दप्तर डिजिटल रूपात पुन्हा उभं केलं. जे मिळालं ते ठेवलं. याला म्हणतात काम.

आणि जे कागद वाचलेत ते तरी काळ्या दगडावरची रेघ आहेत का? जुन्या जनगणनेत वयं बघा. ४०, ४५, ५०, ६०. शून्यावर नाहीतर पाचावर संपणाऱ्या वयांची गर्दी, कारण लोकांना आपलं वय नेमकं माहीतच नव्हतं, अंदाजाने सांगत. मृत्यूच्या दाखल्यावरचं जन्मसाल आणि आईचं नाव कोण सांगतं? मेलेला माणूस तर नाही. जावई सांगतो, शेजारी सांगतो, ज्याने त्या आईला कधी पाहिलेलंही नसतं. कित्येक घरांत मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवत, म्हणजे एकाच आईबापाची एकाच नावाची दोन मुलं, आणि हे लोक एकाची जन्मतारीख दुसऱ्याच्या गळ्यात बांधणार. शिवाय मूळ पान कुणी उघडतच नाही. नंतर कुणीतरी बनवलेली सूची बघायची, तिच्यात वाचणाऱ्याने ध चा मा केलेला असला तरी तोच खरा धरायचा.

त्याच्यावर वरताण म्हणजे 'डीएनएने सिद्ध झालंय' म्हणणारे. काय सिद्ध झालं? तुमचा आणि ज्याच्याशी डीएनए जुळला त्या माणसाचा कुणीतरी पूर्वज समान आहे, एवढंच. तो कोण, हे चाचणी सांगत नाही. ते कागदावरूनच ठरवावं लागतं. दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात, आणि त्यातल्या कित्येकांचा डीएनए तुमच्यात उतरलेलाच नसतो. पुरुषांत असणारा वाय क्रोमोसोम फक्त बापाकडून मुलग्याकडे जातो, म्हणजे आईकडच्या पूर्वजांबद्दल तो काहीच सांगत नाही. एवढं तरी वाचा आणि मग बोला!

आणि राजे! प्रत्येकाला वर कुठेतरी राजाच हवा. ही हाव जुनीच आहे. गुस्ताव्ह आंजू नावाच्या माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी श्रीमंत अमेरिकनांना पैसे घेऊन खोट्या वंशावळी करून दिल्या. खऱ्या नोंदींच्या मध्येच रचलेल्या नोंदी घुसडायचा. अभ्यासकांनी त्याचं पितळ उघडं पाडलं, तरी त्याच्या वंशावळींमधली माणसं आजही लोकांच्या ट्रीमध्ये नांदतायत. त्याने निदान पैशासाठी केलं. हे फुकट करतात.

ज्या बाईच्या ट्रीमधून माझ्या खापरपणजीचा घोळ सुरू झाला, त्यांना मी मृत्यूच्या नोंदीचा फोटो पाठवला. नीट, सभ्यपणे लिहिलं. उत्तर आलं, 'तुमचंही बरोबर असेल, पण मला ती जागा रिकामी ठेवायची नाहीये.' का नाही ठेवायची? ती माणसं होती हो! माझी खापरपणजी कुणाची तरी लेक होती, आणि ते आईवडील तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाखाली गाडून टाकलेत. उद्या कुठल्या खोक्यात त्यांचा खरा कागद सापडला तरी तो कुणी बघणार नाही, कारण सगळ्यांच्या लेखी ती जागा भरलेली आहे. मी परत लिहिलंय. नाव काढेपर्यंत लिहीत राहणार आहे.