मालिकेतली पुस्तकं जाड होतात, पण लोभामुळे नव्हे

वाचनवेड्यांच्या गटांमध्ये सध्या एक पोस्ट फिरतेय. तिचा सारांश असा: 'हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक २२३ पानांचं, पाचवं ७६६ पानांचं. कारण उघड आहे. लेखक मोठा झाला की संपादक कात्री चालवायला घाबरतो, प्रकाशक जाडी वाढवून किंमत वाढवतो आणि वाचक पाल्हाळाचे पैसे मोजतो. प्रत्येक मालिकेचं हेच होतं. पहिली तीन पुस्तकं वाचा आणि थांबा.'

पानांचे आकडे बरोबर आहेत, मूळ ब्रिटिश आवृत्तीचे आहेत. पण त्यांवरून काढलेले निष्कर्ष बहुतेक चुकीचे आहेत, आणि शेवटचा सल्ला नव्या वाचकाचं थेट नुकसान करणारा आहे. म्हणून मुद्दे एकेक करून घेतो.

'प्रत्येक मालिकेचं हेच होतं.'

होत नाही. अ‍ॅगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरो १९२० मध्ये अवतरला आणि त्याची शेवटची कादंबरी १९७५ मध्ये आली. मधल्या काळात ख्रिस्ती जगातल्या सर्वाधिक खपाच्या लेखकांमध्ये जाऊन बसल्या, पण पॉयरोच्या कादंबऱ्या काही फुगत गेल्या नाहीत. जॉर्ज सिमेनाँने पोलीस अधिकारी मेग्रेच्या ७५ कादंबऱ्या लिहिल्या, त्याही शेवटपर्यंत आटोपशीरच राहिल्या. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने पिढ्यांना वेड लावलं, तरी त्यांची पुस्तकं एका बैठकीत संपतील एवढीच राहिली.

या सगळ्यांत साम्य एवढंच की प्रत्येक कथा स्वतंत्र आहे. गुन्हा घडतो, उलगडतो, संपतो. फेणेचं कुठलंही पुस्तक आधी उचललं तरी काही अडत नाही, कारण आधीच्या साहसाचं कसलंही देणं पुढच्याच्या माथी नसतं. पुस्तकं जाड होत जातात ती सलग कथेच्या मालिकांमध्ये. पोस्ट लिहिणाऱ्याने हा फरकच लक्षात घेतलेला नाही.

'लेखक मोठा झाला की संपादक घाबरतो.'

पोस्टमधलंच उदाहरण घेऊ, हॅरी पॉटरचं. ७६६ पानांचं पाचवं पुस्तक २००३ चं. सहावं आलं २००५ मध्ये, ६०७ पानांचं. सातवं २००७ मध्ये, तेही ६०७ पानांचं. या चार वर्षांत लेखिका रोलिंगबाईंची कीर्ती कमी झाली होती का? उलट ती शिखराला पोचली होती. कीर्ती हेच कारण असेल तर पानं दीडशेहून अधिक घटली कशी?

रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम' ही मालिका तर हा दावा पुरता उलटा करते. तिच्या चौदा खंडांतला शब्दसंख्येने सर्वांत मोठा आहे चौथा, १९९२ चा. न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेला तिचा पहिला खंड आठवा, आणि तो चौदांत सर्वांत आखूड आहे. संपादक पहिल्यापासून एकच, हॅरिएट मॅकडूगल, जॉर्डनची पत्नी. नवऱ्याच्या नावाला ती बिचकली असेल, असं मला तरी वाटत नाही.

या मुद्द्यात खरा अंश मात्र आहे. १९९७ मध्ये रोलिंग यांचं पहिलं पुस्तक छापलं तेव्हा पुठ्ठा बांधणीच्या जेमतेम ५०० प्रती काढल्या होत्या. अनोळखी लेखिकेचं सहाशे पानी बालपुस्तक त्या वेळी कोणी छापलं असतं? म्हणजे आखडून घेतलेलं असतं ते पहिलं पुस्तक. आपण त्यालाच नैसर्गिक लांबी मानतो आणि पुढच्यांना फुगलेली म्हणतो.

दुसरी गोष्ट, पाचवं पुस्तक लहान करता आलं असतं हे रोलिंग यांनी स्वतःच सांगितलं आहे. त्यांनी दिलेलं कारण होतं वेळ आणि ताकद संपल्याचं. पुनर्लेखन करून आटोपशीर करणं हे लिहिण्याइतकंच कष्टाचं काम आहे, आणि पुढच्या भागाची वाट बघणारे आपण सगळे त्या कामाला सवड ठेवत नाही. हा दोष संपादकाच्या भित्रेपणावर ढकलून मोकळं होता येणार नाही.

'प्रकाशक जाडी वाढवून किंमत वाढवतो.'

ब्रिटनमध्ये ७६६ पानांच्या पाचव्या पुस्तकाची छापील किंमत होती १६.९९ पौंड. ६०७ पानांच्या सातव्याची १७.९९. पानं कमी, किंमत जास्त! त्यातही अ‍ॅस्डा या सुपरमार्केटने ते सातवं पुस्तक ५ पौंडांना विकलं. जाड पुस्तकात प्रकाशकाचा कागद, बांधणी आणि वाहतुकीचा खर्च वाढतो. त्याला लोभच असेल तर तो एका पुस्तकाची दोन करेल. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिन यांचा २००० सालचा 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्‌स' ब्रिटनमध्ये साध्या बांधणीत दोन भागांत निघालाच.

'वाढलेली पानं म्हणजे पाल्हाळ.'

सगळ्यात जास्त खटकतो तो हा मुद्दा, कारण तो वाचकाला आळशी वाचन शिकवतो. सलग मालिकेत प्रत्येक पुस्तक पुढच्यावर देणं ठेवून जातं: जिवंत राहिलेली पात्रं, अर्धवट रहस्यं, दिलेली वचनं. मार्टिन यांची मालिका मुळात तीन भागांची ठरली होती. १९९६ च्या पहिल्या पुस्तकाची मुख्य कथा आठ पात्रांच्या नजरेतून सांगितली आहे, २०११ च्या पाचव्यात ती संख्या दुपटीवर गेली. मधे कथेत पाच वर्षांचा खंड टाकून पुढे जायचा बेत होता. तो फसला, कारण बऱ्याच पात्रांना त्या पाच वर्षांत गप्प बसवणं शक्य नव्हतं. मग तो काळ लिहावा लागला, एवढा की एका पुस्तकाची दोन करून पात्रं प्रदेशांनुसार वाटून टाकावी लागली. ती वाटणी मलाही रुचलेली नाही. पण ही पात्रांच्या पसाऱ्याने केलेली लेखकाची कोंडी आहे. पानं भरायची म्हणून कोणी असं करत नाही.

हॅरी पॉटरमध्ये चौकट ठरलेली आहे, एक पुस्तक म्हणजे शाळेचं एक वर्ष. मुलगा मात्र अकराचा सतरा होतो. पहिल्या पुस्तकात त्याचं जग शाळेपुरतं आहे. चौथ्यात परदेशी शाळा आणि तीन फेऱ्यांची स्पर्धा येते, शेवटी एका विद्यार्थ्याचा मृत्यू होतो आणि खलनायक व्होल्डेमॉर्ट परततो. पाचव्यात ते परतणं नाकारणारं सरकार आहे, त्याने शाळेत घुसवलेली शिक्षिका अम्ब्रिज आहे, तिच्याविरुद्ध मुलांनी चोरून चालवलेली शिकवणी आहे. ही पानं काढली तर सत्ता शाळेत कशी शिरते हेच कळणार नाही. पहिलं पुस्तक दहाव्या वर्षी वाचणारं मूल २००३ मध्ये सोळाचं झालं होतं, त्याला एवढं पेलत होतं.

'पहिली तीन वाचा आणि थांबा.'

तिसऱ्याशी थांबलात तर स्नेप हा केवळ खडूस शिक्षक उरतो, मुख्याध्यापक डम्बलडोर चुका न करणारा आजोबा आणि नेव्हिल वेंधळा मुलगा. तिघांबद्दलचं मत वाचकाला बदलावं लागतं, आणि ते बदलायला लावणारी सगळी प्रकरणं पोस्टने वगळायला सांगितलेल्या चार पुस्तकांत आहेत.