मीठ टाकून क्लोरीन टळत नाही

"स्विमिंग पूलमध्ये दर आठवड्याला एक पोतं जाडं मीठ टाका, विषारी क्लोरीन कायमचं बंद करा. पाणी समुद्रासारखं नैसर्गिक राहतं, डोळे जळत नाहीत." हा फॉरवर्ड आता सोसायटीच्या ग्रुपवर आलाय आणि कमिटी हायपोची (पूलमध्ये टाकायच्या क्लोरीनच्या द्रावणाची) ऑर्डर थांबवायला निघालीय. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी क्लोरीन बंद करण्याचा अचाटपणा. मिठाच्या पूलमध्ये मीठ असतं साधारण 3,000 पीपीएम, म्हणजे हजार लिटरला 3 किलो. घरची आमटी याहून खारट असते, आणि ती रात्रभर बाहेर राहिली तर सकाळी आंबतेच ना? अशा पूलमध्ये काम करतो तो फिल्टरनंतर पाइपात बसवलेला सेल. त्यातल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांना डीसी करंट दिला की मिठातल्या क्लोराइडपासून क्लोरीन बनतं. हो, तेच "विषारी" क्लोरीन! मीठ हा नुसता कच्चा माल. सेल नसेल तर ते पाण्यात विरघळून बसून राहतं, बाकी काही करत नाही.

अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा तक्ता बघा. 1 पीपीएम मुक्त क्लोरीन (जंतू मारायला पाण्यात शिल्लक असलेलं), पीएच 7.5, तापमान 25 अंश असेल तर ई. कोलाय मिनिटाच्या आत मरतो, हिपॅटायटिस ए ला सुमारे 16 मिनिटं लागतात, पोट बिघडवणाऱ्या जिआर्डियाला 45. पन्नास हजार लिटरच्या पूलला 1 पीपीएम म्हणजे फक्त 50 ग्रॅम क्लोरीन. पन्नास किलोचं पोतं त्या 50 ग्रॅमचं काम करत नाही.

दर आठवड्याला पोतं कशाला? पाणी उडून जातं, मीठ नाही. बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलटा धुताना) जाईल तेवढंच कमी होतं. याच हिशोबाने तीन महिन्यांत मीठ 12,000 पीपीएमच्या आसपास जाईल. मग शिडीच्या वेल्डिंगपाशी तांबूस ठिपके येतील, आणि बॅकवॉशचं पाणी बागेत सोडत असाल तर लॉन करपेल.

जाड्या मिठात माती, कॅल्शियम, मॅग्नेशियम येतं. बोअरचं पाणी आधीच जड, त्यात हे, म्हणजे सेलच्या पट्ट्यांवर पांढरा थर ठरलेला. मीठ 99 टक्क्यांहून शुद्धच हवं. आणि समुद्रात मीठ 35,000 पीपीएम असतं, तेव्हा ती तुलना सोडाच.

डोळे कमी चुरचुरतात, हे मान्य. सेल थोडं थोडं क्लोरीन सतत बनवतो, त्यामुळे घाम-लघवीशी मिळून बनणारं, डोळे चुरचुरवणारं क्लोरामाइन फारसं साठत नाही. पण त्या पूलमध्ये पीएच सारखा वर चढतो, तो 7.8 च्या खाली ठेवायला ॲसिड लागतंच.

तेव्हा आधी पंपरूममध्ये जाऊन सेल आहे का ते बघा. असेल तर पाण्यात आधीचं मीठ किती ते मोजा, सेलवर लिहिलेल्या आकड्याला कमी पडेल तेवढंच टाका. सेल बंद, पंप चालू, तळाशी बसलेलं ब्रशने हलवा आणि 24 तासांनी सेल लावा. सेलच नसेल तर हायपो चालू ठेवा, रोज सकाळी किटने मुक्त क्लोरीन तपासा. 1 च्या खाली असेल (स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हात क्लोरीन टिकवणारं सायन्युरिक ॲसिड, वापरत असाल तर 2 च्या) तर पोरांना पाण्यात सोडू नका.