तुरुंगातला देवमाणूस कसे व्हावे

कैद्यांना भेटायला जाणारा स्वयंसेवक व्हायचे ठरवलेत ना? मग आधी प्रशिक्षणाला दांडी मारा. तिथे एकच रड असते: तुमचे काम ऐकून घेण्याचे, वकिली, जामीन, औषधोपचार आणि धर्मोपदेश ही दुसऱ्यांची खाती. तुमच्यासारख्या कनवाळू माणसाला नुसते कान घेऊन पाठवायचे म्हणजे काय!

निघताना खिसे तपासू नका. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पेनड्राइव्ह, च्युइंगम, सगळे असू द्या. च्युइंगमवर किल्लीचा ठसा घेता येतो, ते कुलपात कोंबताही येते, म्हणून त्याला अनेक तुरुंगांत बंदी असते. पण तुमचे च्युइंगम सज्जन आहे. कपडे कैद्यांच्या गणवेशाशी मिळतेजुळते घाला. आत गडबड झालीच, तर कोणाला बाहेर काढायचे आणि कोणाला कोंडायचे हे ठरवताना शिपायांची जरा करमणूक होईल. दारावर झडती सुरू झाली की आवाज चढवा आणि कैद्यांना कसे वागवावे हे सांगणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांचा हवाला द्या. भेटीला येणाऱ्याची झडती मानहानिकारक नसावी, हा 60 व्या नियमातला भाग ठणकावून म्हणा. झडतीला संमती नसेल तर प्रवेश नाकारता येतो, हे त्याच नियमात आहे. तेवढे गिळून टाका.

खोलीत दारापासून सर्वांत लांबची खुर्ची पकडा. कैदी तुमच्या आणि दाराच्या मधे बसला पाहिजे. धोक्याची घंटा कुठे आहे हे विचारू नका. त्याला वाईट वाटेल.

बसल्याबसल्या विचारा, "काय केलंस रे?" त्याने आपणहून सांगेपर्यंत थांबणे हा वेळेचा अपव्यय. खटला चालू असलेला कच्चा कैदी असेल तर बहारच. वकिलाला असते तशी गोपनीयता तुम्हाला नसते, त्यामुळे त्याने मन मोकळे केले की उद्या तुम्हाला साक्षीला बोलावणे येऊ शकते.

काहीही ऐकण्याआधी शपथ घ्या: "हे आपल्या दोघांतच राहील." मग तो जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलो, पळण्याविषयी, की बाहेरच्या एखाद्या मुलाला असलेल्या धोक्याविषयी, तुम्ही शब्दाला बांधलेले. बरेच दिवस खचलेला माणूस एकाएकी शांत झाला, आपल्या वस्तू इतरांना वाटू लागला, तर भेटींचा गुण आला असे समजून घरी जा. हीच आत्महत्येच्या तयारीची खूण असू शकते आणि गेटबाहेर पडण्याआधी ती ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला सांगायची असते, ही किरकिर प्रशिक्षणाला गेलेल्यांसाठी.

आता मुख्य साधना. "इथे तुम्हीच मला माणूस समजता, बाकी सगळे सारखेच," असे तो म्हणाला की विरघळा. हे वाक्य मनापासूनचेही असू शकते. तोच तर त्यातला गोडवा. नंतरची मागणी अगदी किरकोळ असते. आईला एक निरोप. पोस्टाच्या पेटीत एक पाकीट, म्हणजे पत्र तपासणाऱ्यांना त्रास नको. निरोप आईलाच जातो आहे की तिच्या नंबरावर बसलेल्या भलत्यालाच, पाकिटावरचा पत्ता मावशीचा की साक्षीदाराचा, असल्या चौकशा थोर माणसाला शोभत नाहीत. पुढच्या खेपेला उलट दिशेने काहीतरी न्या, उदाहरणार्थ मुलाने काढलेले चित्र. कागद अमली द्रवात भिजवून वाळवता येतो, म्हणून काही तुरुंग कैद्याच्या हातात पत्राची फक्त झेरॉक्स देतात. पण चित्राची झेरॉक्स कसली काढायची!

यानंतर सिमकार्ड मागतील. नाही म्हणालात की शांतपणे ऐकवतील, "मागचं पाकीट कोणी नेलं होतं, हे साहेबांना कळलं तर?" मागणारा बऱ्याचदा स्वतःच बराकीतल्या एखाद्या दादाच्या कर्जात अडकलेला असतो, म्हणून रागावताही येत नाही. पहिल्या निरोपालाच "मला ते करता येत नाही" म्हणून समन्वयकाला कळवले असते तर प्रकरण वहीतल्या एका ओळीत आटोपले असते. पण एका ओळीत कसला आलाय पराक्रम?

आडनाव, घरचा पत्ता, मुलांची शाळा हे सगळे गप्पांच्या ओघात येऊ द्या; पत्रव्यवहारासाठी संस्थेचा पत्ता असतो तो कागदावरच शोभतो. भेटीच्या दिवशी आरशासमोर जास्त वेळ जाऊ लागला तर मात्र कोणालाही बोलू नका, समन्वयकाला तर नाहीच, कारण तो लगेच दुसऱ्या स्वयंसेवकाला पाठवील. घरी आल्यावर समाजमाध्यमावर लिहा. नाव बदला, गाव, गुन्हा आणि शिक्षेची वर्षे तशीच ठेवा. ज्यांच्यावर तो गुन्हा घडला, त्यांच्याही वाचनात आले तर लेखाला आणखी एक वाचक.

दरम्यान, सुटल्यावर नोकरी, खोली, वकिलाची फी, सगळ्याला होकार देऊन ठेवा. आणि कंटाळा आला की जाणे बंद करा. शेवटच्या काही भेटी आधीच ठरवून निरोप घेणे, न जमल्यास तुरुंगाला फोन करून त्याच्यापर्यंत निरोप पोचवणे, हे हळव्या लोकांचे सोपस्कार. त्याने त्या दिवशी दाढी केली असेल आणि भेटीसाठी कामावरची पाळी सोडून मजुरी बुडवली असेल. पण तुम्हाला त्या दिवशी दुसऱ्या संस्थेच्या सत्काराला जायचे आहे.