छंदाला सवड नाही, तारीख लागते

"तुला बाई वेळ कसा मिळतो?" असं विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींना खरंच कौतुक असतं. उरलेल्यांना सुचवायचं असतं की हिच्या घरी कामं कमी दिसतात. दोघांना माझं उत्तर एकच: मिळत नाही. डोंबिवली ते सीएसएमटी रोजचं जाणं-येणं आहे, अकाउंट्सची नोकरी आहे, सासूबाईंची पथ्यं आहेत, मुलाचं दहावीचं वर्ष आहे. म्हणजे चारचौघींचं असतं तेच. तरी पावसाळा सोडला तर अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी मी बहुतेक वेळा कर्जत मार्गावरच्या वांगणीच्या बाजूला कुठेतरी अंधारात तारे बघत, मान वर करून उभी सापडेन. कारण अमावास्या मला विचारून येत नाही, आणि माझ्यासाठी थांबतही नाही.

"सवड मिळाली की एखादा छंद लावून घ्यायचाय" असं आपण सगळेच म्हणतो. माझं मत असं की सवडीवर ठेवलेला छंद कधी सुरूच होत नाही. सवड आलीच तर ती एकटी येत नाही, सोबत थकवा घेऊन येते. माझ्याच ऑफिसातली मंडळी बघा. सोमवार ते शनिवार "मरायला फुरसत नाही", आणि रविवारी दुपारी जेवण झालं की "जाम बोअर होतंय". माणूस तोच. त्याच्याकडे वेळ कमी आहे की जास्त, हा प्रश्नच नाही. साऱ्या आठवड्यात त्याने स्वतः ठरवलेलं, वाट बघण्यासारखं एकही काही नाही, हा प्रश्न आहे. मग रविवारची दुपार रील्स खातात.

म्हणून मला ज्या छंदांना बाहेरून तारीख पडते ते जास्त भरवशाचे वाटतात. नाटकाच्या तालमी करणाऱ्यांना स्पर्धेची तारीख असते. फ्लेमिंगो बघणाऱ्यांना भरती-ओहोटीचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. लोकलमधली भजनी मंडळं घ्या. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, पिशवीतून निघालेले टाळ, आणि ढोलकी नसेल त्या दिवशी डब्याचा पत्रा. आजूबाजूचे काही वैतागतात (डोकं दुखत असेल तेव्हा मीही), पण या माणसांनी छंदासाठी दिवसातला वेगळा तास मागितलेलाच नाही. जो तास आपण सगळे धक्के खात फुकट घालवतो, तोच त्यांनी उचलला. ती गाडी चुकली तर त्यांना लेटमार्कपेक्षा भजन हुकल्याचं वाईट वाटत असणार, असा माझा दाट संशय आहे.

आता बायकांबद्दल, कारण इथे माझं जरा जास्त भांडण आहे. आपल्याकडे बाईचा छंद दोन अटींवर चालतो. एक, तो मध्येच टाकून उठता आला पाहिजे. दुसरी, त्यातून घराला काहीतरी मिळालं पाहिजे. विणकाम चालतं, कारण कुकरची शिट्टी झाली की सुया खाली ठेवता येतात आणि शेवटी कुणाचा तरी स्वेटर होतो. भरतकाम, रांगोळी, केक, सगळ्याचं तेच. मला या कलांबद्दल आदरच आहे, माझ्या आईचं क्रोशाचं काम बघत मी मोठी झाले. पण रात्रभर घराबाहेर राहून, काहीही विणून न आणता, सकाळी डोळे लाल करून परत येणं? "तिथे करता काय नक्की?" "बघतो." "आणि?" "आणि काही नाही, बघतो." हे पचायला आमच्या घरीसुद्धा वेळ लागला. नवरा गच्चीवर दुर्बिणीतून शनीची कडी बघून आल्यावर प्रकरण निवळलं. सासूबाईंना अरुंधती आणि वसिष्ठ दाखवले, तेव्हा त्यांनी मलाच दोन गोष्टी सांगितल्या.

या छंदाची आपल्याकडे चांगली जुनी परंपरा आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे. मुंबईचं खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास, म्हणजे १९८५-८६ च्या दिवसांत, उभं राहिलं. अशा संस्थांच्या कार्यक्रमांना नोकरदार, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी असे सगळे येतात, आणि बहुतेकांना सोमवारी कामावर जायचं असतं.

व्यग्र माणसाचंच उदाहरण हवं असेल तर विल्यम हर्शेल घ्या. इंग्लंडमधल्या बाथ शहरात तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, मैफिली करायचा, दिवसभर शिकवण्या घ्यायचा. पोट संगीतावर होतं. रात्री घरामागच्या बागेत स्वतः घडवलेली दुर्बीण लावायचा. १३ मार्च १७८१ ला त्याच बागेतून त्याला युरेनस सापडला. दुर्बिणीचा आरसा घासायला बसला की तासन्‌तास हात काढता यायचा नाही, तेव्हा त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवायची. (घास भरवणारी बहीणच होती, हे मी लक्षात ठेवलंय. पुढे तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले, हेही.)

आरसा घासणं म्हणजे काय, ते मला एका पावसाळ्यात कळलं. जून ते सप्टेंबर आकाश बंद, त्यामुळे हौशी लोक तेव्हा दुर्बिणी बनवतात. सारख्या मापाच्या दोन जाड काचा घ्यायच्या. एकीवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचं, दुसरी तिच्यावर ठेवून पुढे-मागे घासायची, आणि थोड्या थोड्या वेळाने स्वतः टेबलाभोवती सरकायचं. घासता घासता वरची काच खोलगट होत जाते (तिचाच आरसा होतो) आणि खालची फुगीर. आवाज सुरुवातीला खरखरीत असतो, पूड बारीक झाली की मऊ होतो, आणि कान आपोआप तो बदल टिपायला लागतात. मग आणखी बारीक पूड, मग आणखी. प्रत्येक वेळी काचा, टेबल, हात, नखं सगळं धुवायचं, कारण आधीच्या पुडीचा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो आणि दोन पायऱ्या मागे जावं लागतं. शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर पॉलिश.

हे काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. पण त्यात कंटाळा येत नाही. ऑफिसात त्याच त्या एन्ट्र्या तपासताना येतो तो थकवा इथे नसतो, कारण इथे हातांना आपण कुठे चाललोय ते ठाऊक असतं. छंद म्हणजे सतत मजा, अशी कल्पना करून जे सुरुवात करतात, ते बहुधा तिसऱ्या आठवड्यात गळतात. गिटार कपाटावर जाते. माझ्या मते छंद निवडताना "यात मजा काय?" असं विचारण्यापेक्षा "यातलं रटाळ काम मला चालेल का?" हे विचारावं.

आणखी एक. हल्ली कुणाला काही बरं जमायला लागलं की लगेच सल्ला येतो: "चॅनल काढ की! ऑर्डर घे की!" सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि गरज असेल तर जरूर करावं. पण ज्याचं भागतंय त्याने आपल्या एकुलत्या एका बिनहिशोबी गोष्टीला पुन्हा व्ह्यूज आणि टार्गेटला जुंपू नये. मी दिवसभर हिशोबच लिहिते.

हिशोबावरून आठवलं. शार्ल मेसिए नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ अठराव्या शतकात धूमकेतू शोधायचा, आणि धूमकेतूसारखे दिसून फसवणाऱ्या धूसर ठिपक्यांची त्याने यादी केली. तिच्यात आज ११० तारकागुच्छ, तेजोमेघ (वायू आणि धुळीचे ढग) आणि दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) मोजतात. त्या सगळ्या एकाच रात्रीत बघायचा प्रयत्न म्हणजे मेसिए मॅरेथॉन. संध्याकाळी पश्चिमेला बुडणाऱ्यापासून सुरुवात करायची आणि पहाटे पूर्वेला उगवणाऱ्यावर संपवायचं. मध्यरात्री कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या गर्दीत निम्मे लोक वाट चुकतात. हे जमण्यासारखी अमावास्या वर्षातून एकदाच येते: साधारण मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिलची सुरुवात.

अकाउंट्सवाल्यांना मार्चचा उत्तरार्ध म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून मी जानेवारीतच कॅलेंडर बघून साहेबांना तारीख देते: या शनिवारी रात्री फोन लागणार नाही, रविवारी दुपारपासून मी हजर. पहिल्यांदा साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. आता तेच विचारतात, "यंदा तुमची अमावास्या कधी?" कंपनीची पुस्तकं आजवर वेळेत बंद झाली आहेत. तीच रात्र मी "बघू, काम आटोपलं तर जाईन" म्हणून ठेवली असती तर काम आटोपलं नसतं, एवढं मी खात्रीने सांगते.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी दोन सूचना. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा बघितलं की ती सगळी वाया जातात, तेव्हा फोन सॅकच्या तळाशी ठेवा. टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिन पेपर रबरबँडने लावून आणा. दुर्बीण विकत घ्यायची घाई नको, पहिलं वर्षभर नुसते डोळे पुरतात. स्वेटर, कानटोपी, ओडोमॉस, खाली अंथरायला सतरंजी. चहा मी आणते, पण कप आपापले आणा.