लोणारचे गुलाबी जीव जिवाणू का नव्हेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

लोणारवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी करणाऱ्या ‘आर्किया’ नावाच्या एकपेशीय सूक्ष्मजीवांना मी ‘हे जिवाणू नव्हेत’ असं म्हटलं. राज्य मंडळाच्या आठवीच्या पुस्तकात मात्र रॉबर्ट व्हिटाकर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या वर्गीकरणातल्या पाच सृष्टी आहेत आणि असे सगळे जीव त्यांतल्या ‘मोनेरा’ या सृष्टीत बसतात. शास्त्रज्ञ सारखी नावं बदलतात, त्याचा सामान्य माणसाला उपयोग नाही. एका पेशीच्या जीवांचा सरळ एकच गट केला तर काही बिघडत नाही. आणि तुमच्याकडे शिकवणीला येणारी मुलं असलं वाचून गोंधळतात.

तुम्ही आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलंत, त्यामुळे ‘एकच गट’ या मुद्द्यापासून सुरुवात करतो. एका पेशीचं असणं ही शरीराची ठेवण आहे, नातं नव्हे. वटवाघूळ उडतं म्हणून आपण त्याला पक्ष्यांत घालत नाही. खुद्द व्हिटाकरांनीही १९६९ साली असा एकच गट केला नव्हता. यीस्ट एकपेशीय, तरी त्यांनी ते अळिंबीच्या शेजारी, कवकांत ठेवलं. जिवाणू मोनेरात गेले आणि अमीबा ‘प्रोटिस्टा’ या वेगळ्या सृष्टीत. त्यांच्या मांडणीत पेशीची रचना आणि अन्न मिळवण्याची रीत या दोन्हींना वजन होतं. त्या काळच्या साधनांनी जेवढं दिसत होतं, तेवढ्यावर ती मांडणी उत्तम होती असं मी मनापासून मानतो.

अडचण मोनेरात होती. हा गट ‘काय नाही’ यावर उभा होता: केंद्रकाला पटल नाही, तंतुकणिका नाहीत, हरितलवके नाहीत. एखादी गोष्ट नसणं हा नात्याचा पुरावा होत नाही. पण जिवाणूंचं बाह्यरूप इतकं साधं, गोल किंवा दांडीसारखं, की त्यावरून वंशावळ लावणं अशक्यच होतं.

इलिनॉय विद्यापीठातल्या कार्ल वोस यांनी ही कोंडी फोडली. प्रत्येक सजीव पेशीत रायबोसोम असतो, कारण प्रथिनं बनवण्याचं काम कुठल्याच पेशीला टाळता येत नाही. या रायबोसोममधल्या आरएनए या रेणूची अक्षरं पिढ्यान्‌पिढ्या फार सावकाश बदलतात. दोन जीवांच्या आरएनएत जेवढा फरक जास्त, तेवढा त्यांचा समान पूर्वज मागे, असा त्यांचा तर्क. आज यंत्र जे काम झटपट करतं, त्याला तेव्हा अतोनात चिकाटी लागे. किरणोत्सारी फॉस्फरस देऊन जिवाणू वाढवायचे, आरएनए वेगळा करून विकराने त्याचे तुकडे करायचे, ते तुकडे फिल्मवर उमटवायचे आणि त्या ठिपक्यांवरून अक्षरांचा क्रम लावायचा. वोस हे वर्षानुवर्षं करत राहिले. त्यांच्याच विद्यापीठातल्या राल्फ वुल्फ यांच्याकडे मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव वाढवण्याची कला होती. त्या जीवांचे ठिपके पाहिले तेव्हा जिवाणूंत हमखास सापडणारे तुकडे तिथे नव्हतेच. ते जीव ई. कोलाय या नेहमीच्या जिवाणूपासून इतके लांब निघाले, की त्यांना ई. कोलायच्या घरात ठेवायला आधारच उरला नाही. १९७७ मध्ये वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी हे प्रसिद्ध केलं. १९९० मध्ये वोस, कँडलर आणि व्हीलिस यांनी बॅक्टेरिया (जिवाणू), आर्किया आणि युकॅरिया (पटल असलेलं केंद्रक पेशीत असणारे, म्हणजे आपणही) ही तीन डोमेन, म्हणजे सृष्टीच्याही वरचे गट, मांडली.

सर, एवढ्या एका रेणूवर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मला पटलं ते इतर पुरावे स्वतंत्रपणे त्याच जागी येऊन मिळाले म्हणून. ओटो कँडलर जर्मनीत पेशीभित्तिका तपासत होते. जिवाणूंच्या भित्तिकेतलं पेप्टिडोग्लायकन मिथेनवाल्यांत त्यांना सापडलं नाही. पेनिसिलिन नेमकं या पेप्टिडोग्लायकनच्या बांधणीवर घाव घालतं, त्यामुळे आर्कियांवर ते चालत नाही. पेशीपटलाचंही तसंच. जिवाणूंत आणि आपल्यात मेदाम्लं एस्टर बंधाने जोडलेली असतात. आर्कियांत आयसोप्रीनच्या साखळ्या ईथर बंधाने जोडलेल्या, आणि त्यांतलं ग्लिसरॉल-फॉस्फेट आपल्याकडच्याचं आरशातलं प्रतिबिंब. शिवाय डीएनएवरून आरएनए उतरवणारं त्यांचं विकर जिवाणूंपेक्षा आपल्या विकराच्या जवळचं आहे. म्हणजे गोबरगॅसच्या टाकीत आणि गायी-म्हशींच्या कोटीपोटात मिथेन तयार करणारे जीव दह्यातल्या जिवाणूंचे सख्खे नाहीत. लोणारचे गुलाबी जीवही आर्कियाच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते पाणी तपासलं तेव्हा रंग मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्कियांचा निघाला. त्यांना मी जिवाणू कसं म्हणू?

प्रोटिस्टाची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. हा ‘उरलेल्यांचा’ गट होता. हिवतापाचा प्लाझमोडिअम त्यात अमीबाशेजारी बसायचा, पण त्याच्या पेशीत एक लहानसं लवक आहे, शैवालापासून आलेल्या हरितलवकाचा अवशेष. या लवकाला जिवाणूंसारखे स्वतःचे रायबोसोम आहेत. डॉक्सिसायक्लिनसारखं जिवाणूविरोधी औषध हिवतापावर का चालतं, याचा उलगडा तिथे झाला.

‘सामान्य माणसाला उपयोग नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हा फरक दर हंगामात पैसे देऊन भोगावा लागतो. केवडा, म्हणजे डाऊनी, आणि भुरी. दोन्हींना सगळे बुरशीच म्हणतात. भुरी खरी कवक आहे. केवड्याचा रोगकारक मात्र ऊमायसीट, तपकिरी शैवालं आणि डायटम यांच्या कुळातला. व्हिटाकरांनी ऊमायसीट कवकांतच ठेवले होते. पण त्यांच्या भित्तिकेत कवकांतल्या कायटिनऐवजी मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असतं, आणि त्यांचे एकपेशीय बीजाणू पानावरच्या ओलाव्यात शेपट्यांनी पोहत आत शिरतात. हेक्झाकोनॅझोलसारखी ट्रायझोल औषधं बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं एर्गोस्टेरॉल बनणं थांबवतात. केवड्याचा जीव एर्गोस्टेरॉल बनवतच नाही. भुरीवर उत्तम चालणारा फवारा केवड्यावर वाया जातो तो यामुळे. उलट मेटॅलॅक्झिल केवड्यावर चालतं, भुरीवर नाही. बोर्डो मिश्रणातलं तांबं रोगकारकाचं कूळ पाहत नाही, म्हणून ते दीडशे वर्षांच्या आसपास टिकून आहे. पण नेमकं औषध हवं असेल तर नेमकं नातं माहीत असावं लागतं.

नावं बदलतात हे खरं, आणि पुढेही बदलतील. नॉर्वे आणि ग्रीनलंड यांच्यामधल्या समुद्रतळाच्या गाळातून २०१५ मध्ये लोकीआर्किया नावाचे आर्किया उजेडात आले. त्यांच्या जनुकांत आपल्यासारख्या दृश्यकेंद्रकी पेशींची अनेक प्रथिनं सापडली. तेव्हापासून, आपण आर्कियांच्या शेजारी नसून त्यांच्याच एका फांदीवर आहोत, डोमेन तीन नसून दोन आहेत, असं मानणारे वाढले आहेत. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी त्या कुळातला एक जीव प्रयोगशाळेत वाढवूनही दाखवला. त्याला बारा वर्षं लागली. यात लहर कुठे आहे? वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसने अठराव्या शतकात सूक्ष्मजीवांना ‘केऑस’ या प्रजातीत टाकलं होतं, कारण त्याच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. आपल्याकडे आहे.

आता तुमच्या मुलांचं. परीक्षेत पाच सृष्टी विचारल्या तर पाच सृष्टीच लिहू द्या, गुण त्यालाच आहेत. पण मोनेरा शिकवताना फळ्यावर दोन भाग करा, एकात दह्याचे जिवाणू, दुसऱ्यात लोणारचे आर्किया, आणि पेनिसिलिन पहिल्यांवर चालतं पण दुसऱ्यांवर का चालत नाही ते मुलांनाच शोधायला सांगा. आठवीच्या मुलांना ते जमतं. शंका आल्या तर इथेच लिहायला सांगा, मी प्रत्येकीला उत्तर देईन.