वाकडं बसवा, पण मोजून

खऱ्या विमानातली फायरवॉल इंजिनाची आग वैमानिकापर्यंत पोचू नये म्हणून असते. मॉडेल विमानाचा वैमानिक खाली गवतात मान वर करून उभा असतो, त्यामुळे त्याला भाजण्याची भीती नाही. इथे फायरवॉल म्हणजे नाकातली प्लायची पाटी, जिच्यावर इंजिन बोल्टने बसवायचं, आणि तिचा खरा वैरी एरंडेल. ग्लो इंजिनाच्या, म्हणजे मॉडेल विमानातल्या छोट्या इंजिनाच्या, इंधनात मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि साधारण 18 ते 20 टक्के तेल असतं, आणि त्या तेलात बऱ्याचदा एरंडेल. आपण लहानपणी नाक दाबून जे घेतलं, ते हे इंजिन मिटक्या मारत पितं आणि न जळलेलं सगळं मफलरमधून विमानाच्या अंगावर ओकतं. प्लायच्या उघड्या कडेतून ते एकदा आत मुरलं की लाकूड मऊ पडतं, आणि तेलकट लाकडाला मग कुठलंच इपॉक्सी धरत नाही.

लाकूड घ्यायचं ते 6 मिमीचं, पाच पदरी बर्च प्लाय. फर्निचरवाल्याकडे ‘मरीन’ म्हणून मिळतं त्यावर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असतो, म्हणजे ते 72 तास उकळूनही सुटत नाही. चांगली गोष्ट आहे, पण आपलं विमान उकळायचं नसतं. स्वस्त प्लायच्या पोटात पोकळ्या निघतात, आणि नेमक्या त्या आपल्या बोल्टच्या चार भोकांपैकी एकाच्या वाटेवर निघतात.

.46चं (म्हणजे 0.46 घनइंचाचं) इंजिन मफलरसकट अर्ध्या किलोच्या आसपास भरतं आणि मिनिटाला 12,000 फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 200 दणके. एवढ्या दणक्यांपुढे लाकडी स्क्रू टिकत नाहीत. इथे एम4चे, म्हणजे 4 मिमी जाडीचे बोल्ट आणि पाठीमागून टी-नट, याला पर्याय नाही. टी-नट म्हणजे टोपी घातलेली आट्यांची नळी, टोपीच्या कडेला दात. तो आतूनच लावायचा. तसा लावला की बोल्ट आवळताना आणि पंख्याची (प्रोपेलरची) ओढ बसताना दात लाकडात आणखी रुततात. समोरून लावलात तर तीच ओढ त्याला उपटून काढते.

आतून म्हणजे कुठून, हा पुढचा प्रश्न. विमानाचं नाक आतून मुठीएवढं, हात शिरतो तो मनगटापर्यंत, आणि टी-नट दोन बोटांच्या चिमटीत असतो तोवरच आपला. सुटला की टाकीच्या कप्प्यात कुठेतरी खुळखुळतो, विमान उलटं केलं की गप्प बसतो. त्यापेक्षा कबाबची 3 मिमीची काडी पुढच्या भोकातून घालून पंख बसतो त्या खिडकीतून बाहेर काढावी, तिच्यात टी-नट मण्यासारखा ओवावा आणि काडीवरून सरकवत भोकाशी न्यावा. भोक आधी 4 मिमीचं पाडायचं, मग नळी मावेल इतकं, साधारण साडेपाच मिमीपर्यंत मोठं करायचं. पाडताना मागे भंगार लाकडाचा तुकडा दाबून धरावा, नाहीतर शेवटचा पदर फाटतो. हातोडीचं इथे काम नाही. समोरून मोठा वॉशर घालून बोल्ट आवळत गेलं की टी-नट आपोआप ओढला जातो. मग त्याच्या टोपीच्या कडेला अर्ध्या तासात धरणारं इपॉक्सी. त्याआधी बोल्टच्या आट्यांना व्हॅसलिन चोपडावं. विसरलात आणि इपॉक्सी आट्यांत उतरलं, तर त्या बोल्टला जन्मठेप.

आता खरी गंमत. इंजिन सरळ बसवायचं नसतं. पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर उजवीकडे फिरतो, त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलंडवते, आणि पंख्याची गोल फिरत मागे जाणारी हवा शेपटाच्या उभ्या पात्यावर डावीकडून थापडा मारून नाक डावीकडे वळवते. म्हणून इंजिनाचं तोंड सुमारे 2 अंश उजवीकडे ठेवायचं. माउंटच्या (इंजिन धरून फायरवॉलवर बसणाऱ्या कंसाच्या) बोल्टमधलं आडवं अंतर 40 मिमी असेल तर 2 अंशांना 1.4 मिमी लागतात. एम4चा वॉशर 0.8 मिमीचा, तेव्हा डाव्या बाजूच्या दोन्ही बोल्टवर, माउंट आणि फायरवॉलच्या मध्ये, दोन-दोन वॉशर घातले की भागलं. डावी म्हणजे विमानाची डावी. फायरवॉलसमोर बसलं की ती आपल्या उजव्या हाताला येते, आणि नेमका इथेच शहाणा माणूस आरशात भांग पाडल्यासारखा गोंधळतो. मी तर म्हणेन, फायरवॉलवर पेन्सिलीने डा आणि उ लिहून टाका, लाज वाटली तर वर माउंट बसणारच आहे.

शिवाय इंजिन वाकवलं की पंख्याचा मध्य विमानाच्या मध्यरेषेपासून साधारण 4 मिमी उजवीकडे जातो, म्हणून अख्खा माउंट तेवढाच डावीकडे सरकवून भोकं आखायची. हे सगळं करण्याआधी फायरवॉल कारखान्यातूनच वाकडी आली आहे का, ते गुण्याने तपासावं. बऱ्याच ट्रेनर (शिकाऊंच्या विमानाच्या) किटमध्ये ती तशीच असते. वाकड्यात आणखी वाकडं झालं तर विमान उडतं, पण गोल गोल.

आखणी पक्की झाली, भोकं पाडून झाली की स्पिरिटने किंचित पातळ केलेलं इपॉक्सी ब्रशने फायरवॉलवर, भोकांच्या आतून, टाकीच्या कप्प्यात, सगळीकडे फिरवायचं. बोल्ट तिरके आमनेसामने आवळायचे, खाली स्प्रिंग वॉशर. जोर दाखवायला गेलात तर प्लाय चेपतं. निळं थ्रेडलॉकर (आट्या सैल होऊ न देणारा गोंद) धातूच्या आट्यांना चालतं, पण माउंट प्लास्टिकचा असेल तर त्याला लागू देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं. तिसऱ्या-चौथ्या उड्डाणानंतर प्लाय बसतं आणि बोल्ट हमखास पाव फेरा मागतात. ते नाही दिले तर इंजिन थरथरतं, टाकीत इंधनाचा फेस होतो, बुडबुडे कार्बुरेटरात जातात आणि इंजिन नेमकं झाडांच्या वर असताना बंद पडतं.

एवढं सगळं झाल्यावर, इपॉक्सी सुकल्यावर, टाकी फोमात गुंडाळून आत चिकटवल्यावर, काऊल (इंजिनावरचं झाकण) बसवल्यावर लक्षात येतं की थ्रॉटलच्या तारेचं भोक पाडायचं राहिलं, आणि ते जिथे हवं तिथे बरोबर मागे टाकी आहे.